मधली चौकट

"आत येताय, की दारातच बसून चित्रं काढणार?" आहेर मावशींनी विचारलं.

मी उंबऱ्याच्या अलीकडेच उभी होते. एका खांद्यावर इरू, दुसऱ्या खांद्यावर पिशवी. पिशवीत माझं म्हणावं असं कागदांचं पॅड आणि पेन्सिली. बाकी सगळं इरूचं: उकळून गार केलेलं पाणी, जादाचे फ्रॉक, थर्मामीटर, मऊ भाताचा डबा, आणि तो सांडलाच तर म्हणून दुसरा डबा.

मावशींनी पिशवीकडे बघितलं. "ही सहलीला निघालीय का?"

"नाही, नाही. मी फक्त कामासाठी आलेय," मी घाईने म्हटलं. "हिला ठेवायला नाही. घरी कुणी नव्हतं म्हणून बरोबर आणलं."

"माहितेय हो. तुमच्या सरांचा फोन आलेला. पाळणाघराची चित्रं काढायचीत म्हणाले. काढा की. फक्त मला जरा बारीक काढा."

नाशिकला इंदिरानगरात, एका सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांचं पाळणाघर होतं. मी तेव्हा ऑनलाइन अभ्यासक्रम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत स्टोरीबोर्ड काढायचे. म्हणजे धडा पडद्यावर कसा दिसेल ते आधी कागदावर मांडायचं, चौकटी-चौकटींनी. वर चित्र, खाली निवेदनाचा मजकूर. ते बघून ॲनिमेशनवाले पुढचं काम करत. इरू झाल्यापासून मी हे सगळं घरून करत होते, ती झोपली की. पण पुढच्या महिन्यापासून ऑफिसात या, असा निरोप आला होता, आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं की नोकरी सोडायची. पाळणाघरांत नव्याने कामाला लागणाऱ्या बायकांसाठीचा एक अभ्यासक्रम आला होता. त्यातला 'मुलाचा पहिला दिवस' हा धडा माझ्याकडे होता. तेवढा करून द्यायचा आणि थांबायचं.

नवऱ्याला, निनादला, हे पटलं नव्हतं. तो भांडत नसे, पण जेवताना विषय काढायचा.

"एकदा पाळणाघर बघून तरी ये."

"बघितलंय."

"कधी?"

"बाहेरून बघितलंय. गेटला वर लोखंडी टोकं आहेत."

"केतकी, इरू दोन फूट आहे."

"आज आहे," मी म्हटलं.

तर अशी मी, त्या टोकांच्या गेटातून आत गेले.

मोठी खोली होती. भिंतीशी गाद्यांची चळत, खिडकीखाली खेळण्यांची टोपली, दाराजवळ चपलांचं कपाट. सात-आठ मुलं इकडेतिकडे लुडबुडत होती. एकजण खिडकीचा गज धरून बाहेरच्या कुत्र्याला भाषण देत होता. मावशींनी मला कपाटाशेजारी एक बुटकं स्टूल दिलं. मी बसले, इरूला मांडीवर घेतलं आणि पॅड उघडलं. इरूने ताबडतोब पॅडवर हात आपटला.

"खाली ठेवा तिला," मावशी म्हणाल्या.

"ती रडेल."

"रडू दे की थोडं. इथे काय कुणी रडलं नाही असं आहे? पण चित्र काढायला दोन हात लागतात ना? का दातात धरणार पेन्सिल?"

मी इरूला खाली उभं केलं. ती रडली नाही, पण माझ्या ओढणीचं टोक तिने मुठीत असं पकडलं की माझी मान वाकडी झाली. तसंच एका हाताने पॅड मांडीवर घट्ट धरून मी काढायला लागले.

आमच्या धड्यातल्या मुलाचं नाव चिनू होतं. चिनू आईबरोबर दारात येतो, घाबरतो, मग हळूहळू रमतो, अशी संहिता. दार काढलं, गाद्या काढल्या, खिडकी काढली. मावशी बारीक काढल्या. मधूनमधून मान वर करून इरू कुठे आहे ते बघायचं, पुन्हा खाली काढायचं. ती सकाळ मला नीट आठवते, पण वाईटच आठवते. इरूने कुणाची तरी चप्पल तोंडात घातली. इरू पाण्याच्या बादलीपाशी गेली. इरूच्या पुढ्यात मुरमुरे आले, आणि मुरमुरा घशात अडकला तर काय करायचं ते मी मनातल्या मनात म्हणत राहिले. एक गोटू नावाचा गोबरा मुलगा तिच्या अंगावर जवळजवळ पडलाच. प्रत्येक वेळी मी अर्धी उठायचे, आणि मी पोचायच्या आत मावशी किंवा त्यांच्या मदतनीस बाई तिथे असायच्या. मी पुन्हा बसायचे. काढायचे. निघताना इरूला उचललं तेव्हा तिने पाय झाडले, किंचाळली.

"दमली बिचारी," मी म्हटलं.

मावशी हसल्या, आणि इरूच्या केसांतला मुरमुरा काढून स्वतः खाल्ला.

कॉलेज रोडवर एका औषधांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. तिथे गायधनी सर आमचे स्टोरीबोर्ड तपासत. सर आधी शाळेत चित्रकला शिकवायचे. तो नाद आणि तो आवाज त्यांनी इथेही आणला होता. पहिला स्टोरीबोर्ड पेन्सिलनेच हवा, हा त्यांचा हट्ट. "कॉम्प्युटरवर चूकसुद्धा सुबक दिसते," म्हणायचे. दुसरा हट्ट असा की चौकटीत आलेली वस्तू आपोआप नाहीशी होता कामा नये. आली तर का आली, गेली तर कुठे गेली, ते दिसायला हवं. एकदा माझ्याच एका धड्यात चहाचा कप दोन चौकटींच्या मध्ये गायब झाला होता. तेव्हा सरांनी अख्ख्या ऑफिसला विचारलं होतं, "केतकीबाईंचा चहा कोणी प्यायला?"

चौकटी दाखवायला गेले त्या दिवशी शेजारच्या काकू घरी थांबल्या होत्या, इरू झोपेल तेवढाच वेळ. मी दर थोड्या वेळाने फोन बघत होते. सरांनी माझ्या चौकटी ओळीने भिंतीवर टाचल्या, मागे हात बांधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले.

"चिनू मुलगा आहे ना?"

"हो सर."

"मग केसांत फुलपाखराची क्लिप?"

मी बघितलं. खरंच क्लिप होती. सगळ्या चौकटींत होती.

"समोर होती म्हणून इरूचाच चेहरा उतरला असणार," मी म्हटलं. "बदलते."

"राहू दे. चिनूला चिनी करू, मुलीला काय हरकत आहे? पण हे काय?" त्यांनी एका चौकटीवर बोट ठेवलं. "खाली मजकूर वाचा."

मी वाचला. "'सावधान. लहान वस्तू मूल तोंडात घालू शकते.'"

"पुढची."

"'सावधान. पाण्याच्या बादलीजवळ मुलाला कधीही एकटे सोडू नका.'"

"पुढची."

"'सावधान. मोठ्या मुलांच्या धक्क्याने...'"

"पुरे. आता वर चित्र बघा. धक्क्याचंच बघा."

मी बघितलं. गोबरा मुलगा इरूवर कललेला होता. त्याच्या हातात एक मुरमुरा होता आणि तो तिला भरवत होता. इरूने तोंड उघडलं होतं, पिल्लासारखं.

"बादलीचं बघा."

इरू बादलीत वाकून हसत होती. खाली पाण्यात तिचं तोंड, तेही हसत होतं. शेजारी मावशींचा हात तिच्या पाठीशी, जेमतेम दिसेल असा. तो हात मी काढला होता. काढल्याचं आठवत नव्हतं.

"वरचं चित्र आणि खालचा मजकूर एका घरचे वाटत नाहीत," सर म्हणाले. "दोघांतला एक थापा मारतोय. कोण, ते तुम्ही सांगा. चित्रं मनाने काढलीत का?"

"नाही सर. बघून काढली."

"आणि मजकूर?"

मी फोन बघितला.

"मजकूर नंतर बघू," ते म्हणाले. "मोठी चूक वेगळीच आहे. इथे, चौथ्या चौकटीत मुलीच्या मुठीत आईची ओढणी आहे. पाचवीत मुलगी पाण्याच्या बादलीपाशी, मूठ मोकळी. ओढणी कुठे गेली?"

"तिनं सोडली असेल."

"असेल? कधी सोडली?"

"माहीत नाही. मी बघितलं नाही."

हे बोलले आणि मलाच ते ऐकवेना. झोपेत इरूचा श्वास चालू आहे ना म्हणून तिच्या छातीवर हात ठेवून बसणारी मी. तिने माझी ओढणी सोडली, ते मला दिसलं नव्हतं.

"अहो, धडा कशाचा आहे? पहिल्या दिवसाचा," सर म्हणाले. "रडणं दाखवलंत, रमणं दाखवलंत. या दोन्हींच्या मधली चौकटच नाही! शिकणाऱ्या बाईला नेमकं तेच बघायचंय, की मूल सोडतं कधी आणि कसं. ती चौकट काढून आणा, म्हणजे धडा पास."

"सर, मी एक तारखेपासून येणार नाहीये. मी बोलले होते ना."

"मग एक तारखेच्या आत आणा," ते म्हणाले आणि टाचण्या काढायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाळणाघरात.

"आज किती डबे?" मावशींनी विचारलं.

"एकच."

"अरे वा. सुधारणा आहे."

मी त्यांना सांगितलं की एक चौकट राहिलीय, इरू ओढणी सोडते ती, आणि ती मला नीट बघून काढायचीय. मावशींना गंमत वाटली. "म्हणजे सिनेमावाल्यांसारखं. पुन्हा तोच सीन," त्या म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः स्टूल तिथेच, चपलांच्या कपाटापाशी ठेवलं.

मी तीच ओढणी घेतली होती. इरूने तीच पकडली. पॅड मांडीवर ठेवलं, पेन्सिल उजव्या हातात तयार ठेवली आणि मी तिच्या मुठीवर नजर लावून बसले. आज दुसरं काही काढायचंच नव्हतं. ती सोडते कधी एवढंच बघायचं होतं.

इरूने सोडली नाही. खिडकीतला मुलगा कुत्र्याशी बोलून झाला, मुलांचं नाचगाणं झालं, गाद्या घालून झाल्या. इरू माझ्या गुडघ्याला टेकून उभी, ओढणी मुठीत. मधेच माझ्याकडे बघायची. मी तिच्याकडेच बघत होते. मग ती पुन्हा मुलांकडे बघायची.

"काय, निघाला का सीन?" मावशींनी जाता जाता विचारलं.

"नाही राहायची ही," मी म्हटलं. "त्या दिवशी नुसतं नवीन होतं म्हणून. बघा ना, हलत नाहीये."

तेवढ्यात मुरमुऱ्यांची ताटली आली. गोटू ताटलीपाशी फतकल मारून बसला, त्याने इरूला बघितलं आणि एक मुरमुरा उंच धरला. "बा!" म्हणाला. तेवढंच. इरूची मूठ उघडली. ओढणीचं टोक तिच्या पायापाशी पडलं. इतकं साधं होतं ते. मी पेन्सिल टेकवली.

पण इरू गेली नाही. तिने एक पाऊल टाकलं आणि पुढे झुकून तिथेच अडली. हात पुढे, पोट पुढे, पाय जागेवर. दाव्याला बांधलेलं वासरू असं दिसतं. तिने जोर केला, मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने भोकाड पसरलं.

"बघा!" मी म्हटलं. माझ्या आवाजात थोडा विजयसुद्धा असेल. "बघितलंत? रडली. मला सोडून जाववत नाही तिला."

"जाववेल हो," मावशी म्हणाल्या. "आधी तुम्ही सोडा."

"मी कुठे धरलंय?"

"डावा हात बघा."

मी बघितलं. इरूच्या फ्रॉकला मागे कमरेशी बांधायचा बंद होता. तो माझ्या डाव्या मुठीत होता. नुसता धरलेला नव्हता, बोटाभोवती दोन वेढे दिलेले होते. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"अगबाई," मी म्हटलं.

"त्या दिवशी दोन्ही हात कामात होते तुमचे," मावशी म्हणाल्या. एवढं बोलून त्या दुसऱ्या मुलाचं नाक पुसायला गेल्या.

मी वेढे सोडवले. बोटं एकेक करून उघडली. बंद सुटल्याबरोबर इरू तोंडावर पडता पडता दोन्ही तळव्यांवर पडली. मी अर्धी उठले. ती माझ्या आधी उठली. रडणं तसंच चालू ठेवून, गालावर पाण्याचे ओघळ घेऊन, ती ताटलीपाशी पोचली आणि गोटूच्या समोर फतकल मारून बसली. मग तिचं रडणं थांबलं, कारण तोंडात मुरमुरा होता. माझ्याकडे तिची पाठ होती. फ्रॉकचा बंद मागे शेपटासारखा लोळत होता.

मी डावा हात गुडघ्यावर उताणा ठेवला, जसा उघडला होता तसाच, आणि उजव्या हाताने तो काढायला घेतला. चौकटीत मूल नाही, ओढणी नाही, कुणाचा चेहरा नाही. नुसता आईचा हात, उघडा, आणि बोटावर बंदाचा वळ. खाली मजकुराची जागा मी कोरी ठेवली. काय लिहावं ते सुचलं नाही. मावशी मागून येऊन बघून गेल्या.

"माझा हात का नाही काढला?"

"तुमचा बादलीपाशी काढलाय."

"हां, मग ठीक आहे."

त्या दिवशी निघताना इरूला उचललं तेव्हा तिने पुन्हा पाय झाडले, पुन्हा किंचाळली. या वेळी मी ती दमली असं म्हटलं नाही.

"उद्या आणताय का?" मावशींनी गेट उघडत विचारलं.

"उद्या मला चित्र नाही काढायचं."

"चित्राचं कोण विचारतंय?"

मी गेटकडे बघितलं. टोकं होती तशीच होती. माझ्या डोक्याच्याही वर.

"तासभर ठेवते," मी म्हटलं. "बघू."

"तासभर तर तासभर. एकच डबा आणा."

गायधनी सरांनी ती चौकट चौथी आणि पाचवी यांच्या मध्ये टाचली. मागे हात बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले, आणि त्या हातापाशी थांबले. मी त्यांच्या मागे उभी. त्या दिवशी फोन पर्समध्ये होता. तो बघायचा नाही असं ठरवलं होतं आणि जवळजवळ जमत होतं.

"मी मुलाची मूठ सुटताना मागितली होती," सर म्हणाले.

"हो सर."

"ही आईची आहे."

"हो."

ते कागदाजवळ वाकले. "अंगठा चुकलाय," म्हणाले. "उजव्या हाताचा आणून लावल्यासारखा वाटतो. बाकी पास."

"दुरुस्त करते सर."

"आता इथे बसून करताय, की एक तारखेनंतर?"

"एक तारखेनंतर," मी म्हटलं. "पण इथेच बसून."

सरांनी मान डोलावली आणि एक टाचणी उगाचच काढून पुन्हा लावली. मजकुरातले सगळे 'सावधान' मी त्याच आठवड्यात काढून टाकले. एक ठेवला, बादलीचा. तो सरांनीही राहू दिला.

अंगठा मात्र दुरुस्त करायचा राहिला. धडा तसाच पुढे गेला, तो कितीतरी बायकांनी बघितला असेल, अंगठ्याबद्दल कुणीही कधी लिहिलं नाही. मूळ कागद सरांनी निवृत्त होताना मला दिला. तो आमच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला असतो. इरूला त्याची गोष्ट तोंडपाठ आहे. निनादने ती तिला इतक्या वेळा सांगितलीय की त्यात आता मी फ्रॉकचा बंद गुडघ्यांत दाबून धरला होता आणि मावशींनी मला काठीने हाणलं, अशी भर पडलीय. मावशी भेटल्या की त्याही ते नाकारत नाहीत.

परवा इरूची शाळेची सहल होती, मुक्कामाची. इरू आता चौथीत आहे. भल्या सकाळी शाळेच्या दारात बस उभी होती आणि मुलं चिवचिवत होती. मी तिला पाण्याची बाटली दाखवली, औषधांचा कप्पा दाखवला, खिडकीतून हात बाहेर काढायचा नाही हे सांगितलं. ती सगळ्याला हो, हो म्हणत होती, आणि नजर बसकडे. आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती बसच्या पायरीकडे निघाली, एक पाऊल गेली आणि पुढे झुकून तिथेच अडली.

मग मागे वळली. रडत नव्हती. हसत होती, आणि बसमधल्या सगळ्या मैत्रिणींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"आई, डावा हात!"

मी तिच्या दप्तराचा पट्टा सोडला.